आधी काच, मग कागद

मी इंटरव्ह्यूला गेले तेव्हा टिपणीस मॅडमनी माझा बायोडाटा हातात घेतला, टेबलावर पालथा घातला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मग समोरचा मायक्रोस्कोप माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "बस. काय दिसतंय सांग."

मी नुकतीच पॅथॉलॉजीत एम.डी. झाले होते. बायोडाट्यात माझं सुवर्णपदक होतं, ते नेमकं कपाखाली गेलं. मी डोळे लावले आणि घाबरून म्हणाले, "मला इन्फेक्शन वाटतंय."

"वाटतंय काय ते नंतर. दिसतंय काय?"

मग दिसत होतं ते सांगत गेले. निळ्या गोल पेशींचे पुंजके आहेत. मोठ्या, फिकट पेशी आहेत. त्या मोठ्या पेशींच्या पोटात काळे बारीक ठिपके आहेत. ठिपके कसले, असं मॅडमनी विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. त्यावर मॅडम चक्क खूश झाल्या. "सकाळपासून आलेल्या सगळ्यांना माहीत होतं. सोमवारपासून ये तू. नाव काय तुझं?"

नोकरी मिळाल्यावर नाव विचारणारी ही बाई पुढे माझ्या आयुष्यात एवढी जागा अडवून बसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. घरी कल्याणला आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "नीट चौकशी कर गं सुजाता, बाई बरी आहे ना?" मी म्हणाले, बरी आहे की नाही ते माहीत नाही, पण चहा चांगला पाजते.

आमची लॅब घोडबंदर रोडवर एका चकचकीत इमारतीत आहे. खाली-वर सगळ्या सॉफ्टवेअर कंपन्या, मध्ये आम्ही. लिफ्टमध्ये गळ्यात पट्टे घातलेली मुलं मॅडमच्या हातातल्या डब्याकडे बघून विचारायची, "मॅडम, आज काय आणलंय?" मॅडम शांतपणे सांगायच्या, "गुडघा." मुलं हसायची. खरं म्हणजे आत गुडघाच असायचा. कुणाचा बसवलेला सांधा दुखू लागला, ढिला झाला आणि डॉक्टरांनी तो काढला, की तो सांधा आणि त्याच्याभोवतीचा मांसाचा तुकडा आमच्याकडे येतो. हाडाच्या कॅन्सरचे नमुनेही येतात. शरीर त्या धातूशी का भांडलं, किती भांडलं, आणि भांडणाच्या आडून कॅन्सर तर घुसला नाही ना, हे आम्ही सांगायचं.

स्लाइडला मॅडम काच म्हणत. त्यांचा एकच कायदा होता: आधी काच, मग कागद. कागद म्हणजे पेशंटचं नाव, वय, काय होतंय, डॉक्टरांना कसला संशय आहे, हे सगळं लिहिलेला फॉर्म. काचेवर नुसता नंबर असायचा. सगळीकडे लोक आधी कागद वाचतात आणि मग काच बघतात, पुस्तकंही तेच सांगतात. मॅडमना ते मान्य नव्हतं. "कागदाने कॅन्सर म्हटलं की डोळा कॅन्सर शोधायला निघतो. डोळा फार आज्ञाधारक असतो गं. त्याला आधी काही सांगूच नये." काच बघून आपलं मत मोठ्याने बोलायचं, मग कागद वाचायचा, मग दोन्हींचा मेळ घालून रिपोर्ट लिहायचा, अशी त्यांची पद्धत. मी पडले जात्याच चौकस. कागद दिसला की माझी मान वळायचीच. मॅडमच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतले आणि स्वतःच्या खुर्चीवर ठेवून त्यावर बसल्या. त्यानंतर आमच्या लॅबमधून जाणारे फॉर्म नेहमी थोडे चुरगळलेले असायचे.

हा कायदा लॅबपुरता असता तरी चाललं असतं. आंबा देवगडचा की रत्नागिरीचा हे खाऊन होईपर्यंत त्या सांगू द्यायच्या नाहीत. नाटकाला न्यायचं तर नाव सांगायचं नाही, थेट थिएटरपाशी उतरवायचं. नौपाड्यातल्या मिठाईच्या दुकानात त्या डोळे मिटून बर्फीचा तुकडा तोंडात टाकत आणि शिळी असेल तर चारचौघांत तसं सांगत, त्यामुळे त्या दिसल्या की दुकानदार स्वतः आतून ताजी आणायला धावायचा. लग्न का नाही केलंत, असं मी एकदा धीर करून विचारलं.

"सगळे आधी पत्रिका पाठवायचे," मॅडम म्हणाल्या. "मुलगा कोणी पाठवेचना."

काचेपाशी बसल्यावर मात्र त्या वेगळ्याच व्हायच्या. मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. शरीरात बाहेरचं काही आलं की ते खाऊन टाकायचं, हे त्यांचं काम. मॅडम त्यांना काका म्हणत. त्यांच्या सोसायटीत गेटपाशी खुर्ची टाकून बसणारे असे काका होते म्हणे, कोण आलं, कुणाकडे चाललं, गाडी कुठे लावली, यावर नजर ठेवणारे. "धातूचा सांधा म्हणजे नवा भाडेकरू. नीट वागला तर काका थोडे दिवस बघतात आणि नाद सोडतात. पण सांधा घासला, त्याचे कण पडायला लागले, की काका ते कण खातात. धातू कसला पचतोय? मग काका चिडतात. आरडाओरडा करतात. तो ऐकून पोरं जमतात." पोरं म्हणजे लिम्फोसाइट, त्या निळ्या गोल पेशी. "आणि सगळ्यांच्या भांडणात खड्डा कुणाला पडतो? बिचाऱ्या हाडाला." कण फारच मोठा असला तर पुष्कळ काका एकमेकांत मिसळून एकच भलीमोठी पेशी तयार करतात. अशी पेशी दिसली की मॅडम म्हणायच्या, "भरली बघ जनरल बॉडी."

कॅन्सरपाशी हेच काका उलटे वागतात. गाठ त्यांना आपल्या बाजूला वळवून घेते. ते तिला खात नाहीतच, वर तिला वाढायला मदत करतात. मॅडमचं सगळं संशोधन या दोन भांडणांच्या मधल्या जागेत चाललं होतं. हाडाचा कॅन्सर झाला की आता पूर्वीसारखा सरसकट पाय कापत नाहीत. तेवढंच हाड काढून तिथे धातूचं बसवतात. म्हणजे कॅन्सरने गप्प केलेले काका आणि धातूने चिडवलेले काका एकाच आळीत. मग त्या धातूवर असा काही लेप देता येईल का, की काका हाड पोखरण्याइतके चिडणार नाहीत, पण झोपणारही नाहीत? कॅन्सरची एखादी पेशी मागे राहिली असेल तर तिला धरतील? "मला शांत सोसायटी नकोच आहे," मॅडम म्हणायच्या. "जिथे कोणीच भांडत नाही ना, तिथे कोणीतरी सगळ्यांना गप्प बसवलेलं असतं."

लेप काही हवा तसा जमला नाही. एका मिश्रणाने काका झोपायचे, दुसऱ्याने हाड खायचे. आम्ही हिरमुसून बसायचो. मॅडम निकाल बघून म्हणायच्या, "अरे वा, हेही चुकलं," आणि दुसऱ्या दिवशी नवीन मिश्रण घेऊन हजर. एवढा उत्साह मी अजून कुणाच्या अपयशात पाहिलेला नाही.

एका गोष्टीला मात्र त्या घाबरायच्या, ती म्हणजे पेशंट. काचेतल्या नव्हे, चालत्याबोलत्या. कल्याणच्या खाडीकाठची एक कबड्डी खेळणारी मुलगी होती. गुडघ्याच्या वरच्या हाडाला कॅन्सर झालेला, हाड काढून धातू बसवलेला आणि पुढे तिथेच पुन्हा सूज. कागदावर डॉक्टर भोईरांच्या अक्षरात लिहिलं होतं, कॅन्सर परत आल्याचा दाट संशय. भोईर सर म्हणजे माजिवड्याच्या हॉस्पिटलातले हाडांचे सर्जन. आमच्याकडे सगळ्यांत जास्त नमुने त्यांचेच येत. कागद मी अर्थातच, मॅडम त्यावर बसायच्या आत, वाचला होता, त्यामुळे मला काचेत जिकडेतिकडे कॅन्सरच दिसत होता. मॅडमनी नुसत्या नंबरावर काच लावली आणि ती या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरकवत गेल्या, लादी पुसावी तशी, एकही फरशी न सोडता. त्यांची ती नेहमीची पद्धत. शेवटी म्हणाल्या, "नुसतं भांडण आहे. कॅन्सर नाही."

भोईर सर स्वतः आले भांडायला. "मॅडम, अहो मी पाय काढायची तयारी केलेली."

"मग सोडा ती तयारी."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"बसा इथे. कागद विसरा आणि बघा."

भोईर सरांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. सर मूळचे आगरी. वैतागले किंवा खूश झाले की त्यांची भाषा बदलायची. "काय नाय इथं," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकून हसायला लागले. मुलीचा पाय राहिला.

थोड्या दिवसांनी तिची आई लॅबच्या दारात उभी. हातात स्टीलचा मोठा डबा. "ती डाक्टरीण बाय कुठं हाय? माझ्या पोरीचा पाय राखला तिनं, मला तिला नुसती बघायची हाय." मी आत वळले तर मॅडम गायब. नमुने ठेवायच्या थंड खोलीचं दार किलकिलं करून त्या मला खुणा करत होत्या. "रजेवर आहे म्हणून सांग." मी सांगितलं. ती बाई बिचारी डबा ठेवून, मलाच दोनदा नमस्कार करून गेली. मॅडम कुडकुडत बाहेर आल्या आणि डबा उघडला. ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. जातिवंत सीकेपी नाक होतं, वासानेच त्यांचे डोळे मिटले.

मला राग आला होता. मी म्हणाले, "मॅडम, दोन मिनिटं भेटला असता तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "चेहरा एकदा डोळ्यांत बसला ना सुजाता, की पुढच्या काचेवर तोच दिसतो. आपण लिहून पाठवायचं. तोंडावर सांगायला भोईर आहेत." आणि मग, "तू घे ना. बोंबील आजचेच आहेत."

स्वतः मॅडमही एका धातूच्या खुब्यावर चालत होत्या. माझ्या आधीची गोष्ट. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद पडला आणि त्या काळात चालणारा, धातूवर धातू घासणारा सांधा त्यांना बसवला गेला. पुढे तसले सांधे बसवायचं थांबलं, कारण ते फार बारीक कण टाकतात. मॅडमना हे जगात कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. "माझा भाडेकरू," असं त्या मांडीवर थाप मारून सांगायच्या. जिना चढताना त्यातून बारीक कुरकुर ऐकू यायची. आम्ही थबकलो की म्हणायच्या, "काही नाही, काका वैतागलेत."

मग त्यांचं लंगडणं वाढलं. जांघेपाशी सूज आली. भोईर सर मागे लागले. "मॅडम, फोटोत गाठ दिसतेय. नमुना घ्यायला हवा."

"गाठ कसली? काकांची सभा भरलीय तिथे. असल्या सांध्यांभोवती भरतेच."

"काच न बघताच?" मी मध्येच बोलले.

त्यांच्याच कायद्यात त्या सापडल्या होत्या. शेवटी कबूल झाल्या, पण एका अटीवर. त्यांची काच बाकीच्यांसारखीच ट्रेमध्ये यायला हवी. नाव नाही, कधी येणार ते सांगायचं नाही, वेगळी वागणूक नाही. त्या बघतील, बोलतील, आणि मग कागद. भोईर सर म्हणाले, "असं कुठं असतं का मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "माझ्या लॅबमध्ये असतं."

त्या सकाळी मी ट्रे लावला. मॅडमना काही कळू नये म्हणून मी उगाच माजिवड्याच्या ट्रॅफिकबद्दल तक्रारी करत बसले. मॅडम एकेक काच लावत, बोलत, खाली ठेवत गेल्या. मग ती काच आली. नंबर मला पाठ होता. मॅडमनी ती लावली, क्षणभर थांबल्या, चाक फिरवून नीट केली आणि सुरू झाल्या. "अगं बाई. केवढं हे भांडण. काका, काका, हे आणखी काका, आणि पोरं तर बघ, अख्खी आळी जमा झालीय. कोण आहे हा येडपट? असला सांधा घेऊन इतकी वर्षं हिंडत कसा राहिला? भोईरांना म्हणावं, काढून टाका आणि त्याला दोन शब्द सुनवा. कॅन्सर नाही. पुढची."

मला खुर्चीत बसवेना. "मॅडम, ती तुमची."

"हो का?" त्या म्हणाल्या. चष्मा काढला, पदराने पुसला. "चल, खाली जाऊन वडा खाऊ."

आम्ही वडे खाल्ले. मी दोन खाल्ले, मॅडमनी अर्धाच. मी भोईर सरांना फोन केला. ते म्हणाले, "सुटलो. पण सुजाता, रिपोर्टावर सही कोणाची? स्वतःचा रिपोर्ट स्वतः कसा देतील? तू बघ आणि सही कर. फॉर्मॅलिटी आहे."

दुपारी मी काच लावली. भांडण तसंच होतं, मॅडम म्हणाल्या तसंच. मी पेन उचलणारच होते. पण मला त्यांच्यासारखं सगळी लादी पुसायची सवय लागली होती, म्हणून काच सरकवत गेले. खालच्या उजव्या कोपऱ्यात भांडण थांबलं. पोरं नाहीत, काळे कण नाहीत, काका तर औषधालासुद्धा नाहीत. अगदी शांत. आणि त्या शांततेत वेड्यावाकड्या, गडद, एकमेकींना चिकटलेल्या पेशी होत्या. मी त्याच तुकड्याचे आणखी काप काढून नव्या काचा करायला सांगितल्या, वेगळे रंग लावले. काय निघणार ते मला आतून कळलं होतं. तेच निघालं. असल्या सांध्याभोवती कॅन्सर फार क्वचित होतो. तो मॅडमना झाला होता.

आणि मग मला आठवलं की त्या सकाळी मॅडमनी काच मधल्या मध्येच फिरवली होती. त्या कोपऱ्यांत गेल्याच नव्हत्या.

रविवारी सकाळी मी नौपाड्यात त्यांच्या घरी गेले. स्टेशनपासून चालत गेले, कारण रिक्षा फार लवकर पोहोचवते. मॅडमनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता चहा ठेवला. खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. तिथे आम्ही बसलो.

"मला सही करता येत नाहीये, मॅडम."

"कुठे?"

"खाली, उजव्या कोपऱ्यात."

मॅडमनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तिथे मी गेले नाही."

"हो."

"काच लावल्याबरोबर कळलं होतं मला. इतके बारीक कण दुसऱ्या कुठल्या सांध्याचे असणार? इतकी वर्षं मी त्यांच्यावरच जगले. कळलं, मग वाटलं भांडण दिसू दे. दिसलं. पुढे बघायचं धाडस झालं नाही. तुझ्यासमोर थट्टा केली आणि काच खाली ठेवली." त्या माझ्याकडे वळल्या. "आता नीट सांग. पेशंटला सांगतात तसं."

पेशंटला सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. तरी सांगितलं. दुर्दैवाने कॅन्सर आहे, म्हणाले. कुठे आहे, केवढा आहे, ऑपरेशन मोठं असेल, पाय वाचवता येईल असं वाटत नाही. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला, पण तो मला देण्याऐवजी स्वतःच प्यायल्या.

"असं ऐकायचं असतं होय हे," त्या म्हणाल्या. "मी जन्मभर नुसतं लिहून पाठवलं." त्यांचे डोळे भरले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते, आणि काय करावं ते न कळून मीही रडायला लागले. थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं. "बरं सांगितलंस. फक्त तेवढं दुर्दैवाने काढून टाक. आपण रिपोर्टात ते लिहीत नाही."

मी तिथेच, त्यांच्या समोर, सही केली.

ऑपरेशन भोईर सरांनी केलं. पाय गेला. बऱ्या झाल्यावर मॅडम व्हीलचेअरवरून लॅबमध्ये यायला लागल्या, पण अर्धा दिवसच. उरलेला अर्धा दिवस त्या माजिवड्याला भोईर सरांच्या ओपीडीबाहेर जाऊन बसायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. रिपोर्ट घेऊन बसलेल्या माणसाशेजारी खुर्ची लावायची आणि विचारायचं, "काय म्हणतोय कागद? मी सांगू समजावून?" भोईर सर मला फोन करून कुरकुर करायचे. "अगं, पेशंट आत येऊन मला विचारतात, डॉक्टर, माझे काका चिडलेत का. मी काय सांगू त्यांना?" कुरकुर करत होते, पण मॅडमची व्हीलचेअर लावायला त्यांनी दाराजवळची जागा मोकळी ठेवायला लावली होती. मी एकदा तिथे गेले तेव्हा मॅडम डोंबिवलीहून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात धरून बसल्या होत्या आणि दोघं सोसायटीच्या पाण्यावरून गप्पा मारत होते. रिपोर्ट केव्हाच वाचून झाला होता.

पुढे कॅन्सर फुफ्फुसात गेला. तो जातोच तिकडे. मॅडमना माहीत होतं, मला माहीत होतं, त्यामुळे निदान त्याबद्दल खोटं बोलायची गरज पडली नाही. शेवटच्या दिवसांत मी रोज संध्याकाळी नौपाड्यात जायचे. त्यांचा आवाज बारीक झाला होता, डोकं मात्र तसंच. लेपाचं नवं मिश्रण कुठवर आलं ते आधी विचारायच्या, मग औषध घ्यायच्या.

एका संध्याकाळी म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलंय. ती काच माझी आहे हे तुला माहीत होतं."

"हो."

"मला माहीत होतं म्हणून मला दिसलं नाही. मग तुला माहीत असून कसं दिसलं?"

हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. थोडा विचार केला आणि जे होतं ते सांगितलं. "तुमची होती म्हणूनच. मला भीती वाटत होती. काही राहून गेलं तर, तुम्ही राहून गेलात तर. म्हणून एकेक पेशी बघितली. दुसऱ्या कुणाची असती तर कदाचित वड्यानंतर सही करून मोकळी झाले असते."

मॅडमनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. बाहेर कुठेतरी पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका येत होता. मग त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "तुझी मान कागदाकडे वळते ना, वळू दे. तू आधी कागद वाचत जा."

"आणि तुमचा कायदा?"

"तो माझ्यासाठी बरा होता," त्या म्हणाल्या. "मला माणसांची भीती वाटायची."

त्याच आठवड्यात त्या गेल्या. स्मशानातून परतताना भोईर सर गाडी चालवत होते आणि घोडबंदर रोडवर नेहमीसारखे अडकलो होतो. मॅडम असत्या तर हॉर्न वाजवणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी काही ना काही नाव दिलं असतं, आणि ते तिथे नव्हतं, ते मला फार जाणवलं.

आता लॅबमध्ये काच मी बघते. नवीन मुली आहेत हाताखाली. त्यांना मी मॅडमचाच कायदा शिकवते, कारण तो शहाणा कायदा आहे आणि त्यांचे डोळे अजून आज्ञाधारक आहेत. माझ्यापुरतं मात्र मॅडमनी दिलेल्या मोकळिकीने चालते. आधी कागद घेते. नाव वाचते, वय वाचते, गाव वाचते. हे माणूस राहून जायला नको, असं मनात म्हणते, आणि मग खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करते.